आराखड्याकडून अक्षरांकडे

वास्तुरचनेचे शिक्षण घेणारा प्रत्येक जण इमारतीच उभारतो असे नाही. काही जण त्याच शिक्षणाच्या बळावर प्रकाशनाकडे वळतात. ही वाट तशी जुनी आहे. मुल्कराज आनंद यांनी १९४६ साली मुंबईत सुरू केलेल्या ‘मार्ग’ या नियतकालिकाच्या जडणघडणीत वास्तुरचनाकारांचा सहभाग होता. मात्र कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च पेलण्यासाठी अशा उपक्रमांना भक्कम आश्रय लागे. महाजालाने ही अट बरीच शिथिल केली.

चिलीतील दोन तरुणांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सांतियागोच्या कॅथलिक विद्यापीठात वास्तुरचना शिकलेल्या डेव्हिड बासुल्टो व डेव्हिड असाएल यांनी २००६ साली ‘प्लाताफोर्मा आर्किटेक्तुरा’ हे स्पॅनिश संकेतस्थळ सुरू केले. २००८ साली त्याला ‘आर्कडेली’ या इंग्रजी संकेतस्थळाची जोड मिळाली. महागडी परदेशी नियतकालिके ज्यांच्या आवाक्याबाहेर होती, अशा विद्यार्थ्यांना जगभरच्या इमारतींचे नकाशे विनामूल्य पाहता येऊ लागले.

या कामी त्यांचे मूळ शिक्षण उपयोगी पडले. सामान्य वार्ताहर इमारतीचे दर्शनी रूप वर्णन करतो. वास्तुरचनाकार तिचे तलचित्र आणि छेदचित्र मागतो. छेदचित्र म्हणजे इमारत उभी कापली असता आत काय दिसेल, याचे रेखाटन. छायाचित्रांच्या जोडीला रेखाचित्रे, क्षेत्रफळ, वर्ष आणि ठिकाण यांची नोंद ठेवल्याने वेगवेगळ्या प्रकल्पांची तुलना शक्य झाली.

परंतु खर्च कमी झाला म्हणून स्वातंत्र्य आपोआप पदरी पडत नाही. वाचक पैसे देत नसेल, तर जाहिरातदार आणि बांधकाम साहित्याचे उत्पादक देतात. प्रकल्पाचा मजकूर व छायाचित्रे बहुधा वास्तुरचनाकाराच्याच कार्यालयातून येतात. उद्घाटनापूर्वी टिपलेल्या चित्रात माणसे क्वचितच असतात आणि पहिल्या पावसाळ्यात छत गळले की नाही, हे त्यातून कळत नाही. शिवाय यशस्वी झालेली प्रकाशने मोठ्या समूहांच्या मालकीची होतात. ‘आर्कडेली’ २०२० साली स्वित्झर्लंडच्या ‘आर्किटॉनिक’कडे गेले; मार्कस फेअर्स यांनी २००६ साली लंडनमध्ये सुरू केलेले ‘डिझीन’ २०२१ साली डेन्मार्कच्या वृत्तपत्रसमूहाने घेतले.

त्यामुळे या वाटेवर येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने तंत्राइतकाच अर्थव्यवहाराचा विचार करणे अगत्याचे ठरते. जाहिरात आणि लेख यांतील सीमारेषा स्पष्ट राखणे, वापरात आल्यावर काही वर्षांनी इमारतीला पुन्हा भेट देणे आणि तेथे राहणाऱ्यांचे म्हणणे नोंदवणे, ही कामे खर्चिक असली तरी प्रकाशनाची विश्वासार्हता त्यांवरच उभी राहते. दर्शनी भागावर न थांबता इमारतीचा छेद घेऊन पाहण्याची सवय वास्तुरचनेचे शिक्षण लावते. प्रकाशकाच्या भूमिकेतही ती सुटली नाही, तरच त्या शिक्षणाचे चीज झाले असे म्हणता येईल.