पांढरीतील मणी

जुन्या गावठाणाच्या पांढरीवर पहिला मोठा पाऊस झाला म्हणजे मातीतून तांबडे-हिरवे मणी उघडे पडतात, आणि पोरे ते गोट्यांप्रमाणे खेळून हरवून टाकतात. हे मणी कोणाचे, असे सोनारीकडील आमच्या सभासदांनी विचारले आहे.

आपल्या जिल्ह्यात तेर येथील मणी प्रसिद्ध आहेत. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते मोठ्या चिकाटीने जमविले व तो संग्रह आज तेथील सरकारी वस्तुसंग्रहालयात आहे. परंतु ते बहुतेक सातवाहनकालीन, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांचे होत. महाराष्ट्रातील आद्य शेतकरी त्याहून फार जुने. आपली सीना ज्या भीमेस मिळते तिच्याच खोऱ्यात, घोडनदीकाठी इनामगाव येथे इ. स. पूर्वी 1600 ते 700 पर्यंत जव पिकविणारे लोक राहत. डेक्कन कॉलेजने 1968 पासून तेथे उत्खनन केले. त्यांचे मणी अकीक, गारगोटीच्या जातीचे दगड, शंख, हस्तिदंत, तांबे व भाजलेली माती यांचे असत, सोने क्वचितच. तांबडा अकीक मुळात बहुधा पिवळसर असतो. तो भाजला म्हणजे त्यातील लोहाचा अंश तांबडा होतो; मग तो ठोकून, घासून, दोन्ही बाजूंनी भोक पाडून मणी सिद्ध होतो. एका मण्यास किती दिवस मोडत असतील याचा विचार वाचकांनीच करावा!

आम्हांस याहूनही महत्त्वाचा वाटतो तो दोरा. पुणे जिल्ह्यातील चांडोली व प्रवराकाठचे नेवासे येथे त्याच काळातील तांब्याचे मणी ओवलेल्या स्थितीत सापडले. चांडोलीचा दोरा जवसाच्या वाखाचा, नेवाशाचा कापूस व रेशीम यांचा. जे जवस आपण केवळ तेलासाठी पेरतो त्याच्या काडीतून तीन हजार वर्षांपूर्वी सूत काढीत, हे त्या चिमुकल्या धाग्यामुळे कळले. असल्या माळा लहान मुलांच्या गळ्यातही असत. मूल वारले म्हणजे दोन रांजणांची तोंडे जोडून त्यात त्यास ठेवीत व घराच्याच जमिनीखाली पुरीत.

सूत कुजले कसे नाही? तांब्याच्या कीटाने बुरशी मरते. ज्वारीच्या काणीवर बियाण्यास मोरचूद लावीत ते याच गुणामुळे, व द्राक्षबागेवरील बोर्डो मिश्रणही त्याच जातीचे.

पांढरीची माती खत म्हणून शेतात ओढण्याची चाल जुनी आहे, आणि तिचा पिकास गुण येतो हे आम्ही नाकारीत नाही. पण एका गाडीबरोबर घर, चूल, रांजण व मुलाची माळ सारेच उधळले जाते, आणि कोणता मणी कोणत्या थरातला हे पुन्हा कोणासही सांगता येत नाही. मातीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची चीजवस्तू मिळाल्यास 1878 च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरांस कळविणे भागच आहे. मणी किरकोळ असला तरी जागा खुणावून ठेवावी व तेरच्या संग्रहालयात दाखवावा. हिरवा पडलेला तांब्याचा मणी मात्र चिंचेने घासू नये. कीट निघाले की आतला दोराही गेला.