धुराडे नसलेले वीजघर

माझगावच्या माणसाला वीजघराचे नवल नाही. ट्रामगाड्यांसाठी १९०५ साली वाडीबंदरला वीजघर उभे राहिले आणि १९१२ साली माझगावात कसारा येथे दुसरे झाले. वीजघर म्हटले की उंच धुराडे आलेच. आज आम्ही ज्या वीजघराविषयी बोलणार आहोत, ते मात्र दोन माणसे उचलून हातगाडीवर ठेवतात. त्याला धुराडे नाही. त्याचा धूर गुडघ्याच्या उंचीवर बाहेर पडतो, आणि सारी गोम तेथेच आहे.

पेट्रोलवर चालणारा हा छोटा जनरेटर लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मांडवात, दारूखान्यातील गाळ्यांत दिसतो. मुंबईची वीज सहसा जात नाही. पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास ती गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. अशा दिवशी वर्षभर कोपऱ्यात पडलेले यंत्र बाहेर निघते, आणि ते चालविणाऱ्या हाताला सवय नसते.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही कळले ते कामगारांच्या अपघातांचे कागद वाचता वाचता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात एका गाळ्यातून निरोप आला की, दोन पोरांना भोवळ आली आहे. जाऊन पाहतो तो दोघेही फुटपाथवर ओकत बसलेले. मालक म्हणाला, "उकाड्याने झाले असेल." पाऊस आत येतो म्हणून शटर कमरेपर्यंत ओढलेले, आणि जनरेटर आत, गोणपाटावर. "पण साहेब, धूर तर काही दिसत नव्हता," असे पोरेच आम्हाला सांगू लागली. पोरे वाचली, पण त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही, याची लाज मनात राहिली.

उत्तर असे आहे. पेट्रोल पुरते जळले नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळ्यांना दिसतो तो धूर वेगळा, मारतो तो वेगळा. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. ती पाटीवाली मंडळी समजा. हा वायू त्यांच्या पाटीत प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटून बसतो. पाट्या भरलेल्या, फेऱ्या चालू, पण माल काही पोचत नाही. प्रथम डोके दुखते, मग मळमळ, भोवळ; पुढे पाय उचलत नाहीत. झोपलेल्या माणसाला तर यातले काहीच कळत नाही.

जुलै २०२१ मध्ये चंद्रपूरजवळच्या दुर्गापुरात रात्री वीज गेली म्हणून एका घरात जनरेटर लावून मंडळी झोपली. एकाच कुटुंबातील सहा माणसे त्यात गेली. आणि हे दुर्गापूर कोठे आहे? महाराष्ट्रातील एका मोठ्या औष्णिक वीजकेंद्राच्या उशाशी.

तेव्हा यंत्र घरात नको, गाळ्यात नको, जिन्याखाली नको आणि गॅलरीतही नको. खिडकी उघडली, पंखा लावला, अर्धे शटर वर केले, एवढ्याने भागत नाही. अमेरिकेतील ग्राहक-सुरक्षा आयोग वीस फूट अंतर सांगतो, आणि धुराचे तोंड घरापासून उलट दिशेला. माझगावच्या गल्लीत हे ऐकून लोक हसतात. कित्येक गाळे मुळी वीस फूट लांबीचेच नाहीत. आमचे म्हणणे, खुशाल हसा. पण मग चार गाळ्यांनी मिळून एकच यंत्र मोकळ्या जागी ठेवा आणि जाड वायर ओढा. तेवढीही जागा नसेल तर त्या दिवशी काम बंद. बॅटरीच्या दिव्यावर जेवता येते, वेल्डिंग उद्या होईल. पावसात यंत्राच्या डोक्यावर आडोसा हवा, पण चारी बाजू मोकळ्या. ताडपत्रीत गुंडाळणे म्हणजे आडोसा नव्हे.

कोणी पडलेला आढळला तर त्याला आधी उघड्यावर काढावे, आत रेंगाळू नये. इस्पितळात "जनरेटरच्या धुराची बाधा" असे स्पष्ट सांगावे, कारण त्यावर उपाय प्राणवायू देण्याचाच आहे.

पेट्रोलविषयी थोडक्यात: यंत्र बंद करून, निवू देऊन मगच टाकी भरावी. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत सरकत दूरच्या शेगडीपर्यंत जाते.

आता ज्याचा आम्हाला खरा संताप येतो ते सांगतो. काही लोक दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करतात. एक टोक जनरेटरला, दुसरे भिंतीतल्या प्लगला. घरभर दिवे लागतात. पण ती वीज मीटरमधून उलटी बाहेरही जाते आणि केबलवाटे ट्रान्सफॉर्मर गाठते. जो ट्रान्सफॉर्मर अकरा हजार व्होल्ट खाली उतरवून आपल्या घरी देतो, तोच उलट वाटेने आलेली वीज पुन्हा हजारोंवर चढवतो. तिकडे लाइन बंद आहे अशा समजुतीने केबलला हात घालून एक माणूस बसलेला असतो. तो तुमचीच वीज परत आणायला आलेला असतो. "आम्ही मेन स्विच पाडतो की," असे एका गृहस्थांनी आम्हाला सुनावले. पाडत असाल, ज्या दिवशी विसराल त्या दिवसाचे काय? यासाठी चेंजओव्हर स्विच मिळतो. त्यात एका वेळी एकच वाट उघडी राहते, एक तर बेस्टची, नाही तर जनरेटरची. तो परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावा. बसेपर्यंत दिवा असो वा पंखा, थेट यंत्राच्या सॉकेटलाच जोडावा.