आम्लात मांडलेले बिऱ्हाड

हैदराबादेत कुणाच्या पोटात जळजळ झाली की पहिला आरोप मिरचीवर येतो. मग चिंचेवर, मग अवेळी जेवणावर आणि काहीच सापडले नाही तर काळजीवर. वैद्यकशास्त्रही कित्येक दशके याहून वेगळे बोलत नव्हते. जठरात व्रण झाला की दूध, मऊ भात, विश्रांती आणि फारच वाढला तर शस्त्रक्रिया. जंतूंचा विचार सहसा कुणी करत नसे. जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लात कोणताही जंतू फार काळ टिकत नाही, अशीच शिकवण होती.

ती खोटी ठरवली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातल्या दोघांनी. रॉबिन वॉरन यांना सुजलेल्या जठराच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली पीळदार जंतू दिसत होते. बॅरी मार्शल ते प्रयोगशाळेत वाढवू पाहत होते, पण बशीत काही उगवत नव्हते. नेहमीच्या रीतीने दोन दिवसांनी बश्या फेकल्या जात. १९८२ च्या ईस्टरला सुट्टी लागली, बश्या तशाच राहिल्या आणि जंतू उगवले. त्यांना फक्त वेळ हवा होता! लोकांचा विश्वास बसेना म्हणून १९८४ मध्ये मार्शल स्वतः त्या जंतूंचे पाणी प्याले आणि काही दिवसांत जठराच्या दाहाने आजारी पडले. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी.

आता हा आम्लात जगतो कसा ते पाहा. खरे तर त्याला आम्ल मुळीच आवडत नाही. जठराच्या पोकळीत आम्ल तीव्र असते, पण आतल्या भिंतीवर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो आणि भिंतीला लागून आम्लता जवळजवळ नसतेच. जंतूला पोकळी ओलांडून तिथवर पोचायचे असते. वाटेसाठी त्याच्याकडे युरिएज नावाचे विकर भरपूर असते. आपल्या रक्तातला युरिया थोडाथोडा जठरात उतरतो. हे विकर त्याचे तुकडे करून अमोनिया बनवते आणि अमोनिया आम्लाला मारतो. म्हणजे जंतू स्वतःभोवती सौम्य पाण्याचे एक कवच घेऊन चालतो. गंमत पुढे आहे. आम्लात श्लेष्मा गोठल्यासारखा घट्ट असतो. आम्ल कमी झाले की तो पातळ होतो. त्यामुळे त्याच अमोनियाने जंतूची वाटही मोकळी होते आणि शेपटीसारखे तंतू फिरवत, मळसूत्रासारखा तो आत शिरतो. पण अमोनिया अति झाला तर जंतू स्वतःच मरेल. म्हणून युरियाला आत घेणारे त्याचे दार बाहेर आम्ल असेल तेव्हाच उघडते. इतका काटेकोर हिशेब मी माणसांच्या संसारातही क्वचित पाहिला आहे.

भिंतीशी पोचल्यावर काही जाती पेशींवरच्या रक्तगटाच्या शर्करेला चिकटून बसतात. शरीराचे पहारेकरी ज्या खुणेने जंतू ओळखतात, ती याच्या तंतूंवर बदललेली असते आणि त्याच्या अंगावरच्या शर्कराही आपल्या शर्करांशी मिळत्याजुळत्या असतात. प्रतिकार होतो, दाह होतो, पण हकालपट्टी होत नाही. शिवाय तो सतत बदलतो. गुणसूत्रात चुका होत राहतात, शेजारच्या जंतूचे तुकडे उचलून आपल्यात जोडले जातात, आणि काही वर्षांत प्रत्येक माणसाच्या जठरात त्या माणसाला साजेशी वेगळी वंशावळ तयार होते.

संसर्ग बहुधा बालपणी, घरातच होतो. म्हणून जंतूच्या वंशावळीत माणसांच्या स्थलांतराचा माग राहतो. हैदराबादच्या सेंटर फॉर डीएनए फिंगरप्रिंटिंग अँड डायग्नॉस्टिक्समधल्या नियाज अहमद यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले की भारतातल्या या जंतूंची मुळे युरोपातल्या जंतूंशी जुळतात. त्यावरून आर्यांच्या आगमनाच्या वादात उडी घेणे मला घाईचे वाटते. आल्प्समधल्या बर्फात सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या पोटातलाही जंतू वाचला गेला आणि २०१६ मध्ये कळले की त्याचे जवळचे नातलग आज मध्य आणि दक्षिण आशियात आहेत. येणेजाणे दोन्ही दिशांनी असू शकते. आपले पणजोबा मराठवाड्यातून वा देशावरून सुलतान बाजार, काचीगुड्यात बिऱ्हाड घेऊन आले, तेव्हा ट्रंका-पातेल्यांबरोबर हाही आला असणार.

पाण्याचेही बोलले पाहिजे. याच शहरातल्या संशोधकांना नळाचे पाणी पिणाऱ्यांपेक्षा विहिरीचे पाणी पिणाऱ्यांत हा संसर्ग जास्त आढळला. आमच्या जैन घरांत पाणी गाळून आणि उकळून पितात. जंतू जेमतेम तीन मायक्रॉन लांब, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीन, तो गाळण्याच्या दुहेरी कापडातून सहज निसटतो. उकळण्यात मात्र मरतो.

जगातल्या निम्म्याच्या आसपास माणसांत हा जंतू असल्याचा अंदाज आहे आणि बहुतेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. पण काहींना व्रण होतात आणि थोड्यांना कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच त्याला कर्करोगकारक ठरवले. भारतात संसर्ग इतका असूनही जठराचा कर्करोग त्या मानाने कमी दिसतो, हे कोडे तज्ज्ञांत चर्चिले जाते. ते सुटेपर्यंत निर्धास्त राहू नये.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. माझ्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांवर तुमच्यातल्या अनेक घरांचा लोभ आहे, म्हणूनच सांगतो: व्रण असेल आणि तपासणीत हा जंतू सापडला असेल, तर त्याला प्रतिजैविकेच लागतात. सोबत आम्ल कमी करणारे औषध, बहुधा १४ दिवस. माझ्याकडे असा रोगी आला तर मी त्याला पोटाच्या तज्ज्ञाकडे धाडतो. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून गोळ्या सोडणारे फार असतात. जो जंतू बदलण्यात इतका पटाईत, त्याला अर्धवट मात्रेची शिकवणी देऊ नका. आपल्या देशात मेट्रोनिडाझोलला तो आधीच पुष्कळ ठिकाणी दाद देत नाही. काळी शौच, वजन घटणे, वारंवार उलटी यांपैकी काही असेल तर घरगुती उपाय करत बसू नये. गुडघेदुखीच्या गोळ्या रोज घेणाऱ्या ज्येष्ठांनी तेही डॉक्टरांना सांगावे, कारण जंतूशिवाय व्रण होण्याचे ते मोठे कारण आहे.

तपासणी श्वासावरही होते. खुणेचा कार्बन असलेला युरिया पिऊन फुंकर मारायची. जंतू असेल तर त्याच्या विकराने फुटलेला तो कार्बन श्वासात येतो. त्याआधी आम्लाच्या गोळ्या, पँटोप्राझोल वगैरे, डॉक्टरांना विचारून दोन आठवडे बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर जंतू असूनही निकाल नकारार्थी येऊ शकतो. आणि उपचार संपल्यावर निदान चार आठवड्यांनी हीच तपासणी पुन्हा करून घ्यावी. रक्ताची करू नये, जंतू गेल्यावरही ती बरेच महिने होकारार्थी येत राहते.