पत्रांची वही आपल्याच पेढीत असावी

दिवाळीच्या मुहूर्तावर आपण नव्या वहीचे पूजन करतो, पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ लिहितो आणि जुन्या वह्या फडक्यात बांधून माळ्यावर ठेवतो. वाळवी लागू नये म्हणून वर्षातून एकदा त्यांना ऊनही दाखवितो. परंतु आज भाव, मुदत, वटाव आणि दलाली यांची कबुली ज्या पत्रांतून होते, ती ई-मेलची पत्रे कोठे असतात, याचा विचार आपल्यापैकी किती जण करतात?

दोन वर्षांपूर्वी आमच्या कापडाच्या पेढीवर एक प्रसंग आला. बाहेरगावच्या एका जुन्या व्यापाऱ्यांनी मागील मालाच्या बिलास हरकत घेतली. सौदा ई-मेलवर ठरलेला होता. ते पत्र काढावयास गेलो, तो खाते उघडेना. पासवर्ड बरोबर होता. परंतु खातरजमेचा क्रमांक ज्या मोबाईलवर येत असे, तो नोकरी सोडून गेलेल्या मुनीमजींचा होता आणि कधीच बंद पडला होता. चूक आमचीच होती. खाते परत हाती येईपर्यंत तीन आठवडे गेले. तोवर वडिलांनी संबंध तुटू नये म्हणून फरकाची रक्कम सोडून दिली होती. पुढे पत्र सापडले तेव्हा दिसले, की दर आमच्या म्हणण्याप्रमाणे होता. वटाव मात्र त्यांच्या म्हणण्याप्रमाणे होता. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते, आणि दोघांचीही स्मृती अर्धीच खरी होती. वडील एवढेच म्हणाले, “लेख हाताशी नसला, की सज्जन माणसाच्या तोंडूनही असत्य निघते.”

त्यानंतर आम्ही पेढीची पत्रे ‘थंडरबर्ड’ या प्रणालीत आणली. ब्राउझरमध्ये आपण पत्रे पाहतो, तेव्हा ती दूरच्या संगणकावर असतात आणि आपल्याला केवळ खिडकीतून दिसतात. थंडरबर्ड तीच पत्रे आपल्या संगणकावर उतरवून घेते. खाते अडकले किंवा इंटरनेट बंद पडले, तरी उतरविलेली पत्रे वाचता येतात, शोधता येतात.

या प्रणालीची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. २०२० पासून मोझिला फाउंडेशनची एक उपकंपनी तिचे काम पाहते. ती विनामूल्य आहे, तिचा मूळ संकेत कोणासही तपासता येतो, आणि तिचा खर्च मुख्यतः वापरणाऱ्यांच्या ऐच्छिक देणग्यांतून चालतो. विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर ती चालते. पेढीचे, घरचे आणि संस्थेचे अशी निरनिराळी खाती एकाच ठिकाणी पाहता येतात. नियम लावून दिले, की बँकेची, वाहतूकदारांची आणि कर सल्लागारांची पत्रे आपोआप आपापल्या कप्प्यात जातात. पत्रातील बाहेरून येणारी चित्रेही ती आपण होऊन उघडत नाही. त्यामुळे आपण पत्र केव्हा उघडले याची टेहळणी करणाऱ्या जाहिरातदारांना बराच आळा बसतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. पत्रे आणण्याच्या दोन पद्धती आहेत. ‘आयमॅप’ पद्धतीत मूळ ठिकाण व आपला संगणक यांचा मेळ सतत ठेवला जातो. मोबाईल व संगणक दोन्ही वापरणाऱ्यांना ती सोयीची. परंतु मूळ ठिकाणचे पत्र पुसले, तर आपल्याकडचेही पुसले जाते. म्हणून महत्त्वाची पत्रे ‘लोकल फोल्डर्स’ या कप्प्यात उतरवून ठेवावीत. तेथील प्रत स्वतंत्र राहते. ‘पॉप’ पद्धतीत पत्रे संगणकावर उतरतात; मूळ प्रत तिकडे ठेवावयाची की नाही, हे सुरुवातीसच ठरवून द्यावे.

जबाबदारीही आता आपल्याकडे येते, हे विसरू नये. हार्डडिस्क बिघडली तर माळ्यावरच्या वहीला आग लागावी तसेच होते. आम्ही दर महिन्याच्या अखेरीस थंडरबर्ड बंद करतो, तिच्या ‘प्रोफाइल’ फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतो आणि ती डिस्क पेढीवर न ठेवता घरी ठेवतो. संगणकास पासवर्ड असणे तर आवश्यकच. कारण पत्रांत आपल्याबरोबर ग्राहकांचाही विश्वास साठविलेला असतो.

कायद्याच्या दृष्टीनेही हे हिताचे आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ अन्वये हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. अनेक बिले आज केवळ ई-मेलनेच येतात. दुसरीकडे, गूगलची विनामूल्य जागा १५ जीबी असून ती पत्रे, छायाचित्रे व इतर फाइली यांत वाटली जाते. ती भरली, की नवी पत्रे येणे थांबू शकते. घरातील लग्नाच्या छायाचित्रांमुळे पेढीचे बिल अडावे, हे कोणत्याही व्यापाऱ्यास परवडणारे नाही.

ब्राउझरमधील सोय सोडून द्यावी, असे मात्र नाही. प्रवासात, दुसऱ्याच्या संगणकावर, घाईच्या वेळी तीच उपयोगी पडते. दोन्ही एकत्र नांदू शकतात. आपली प्रत आपल्याकडे असावी, एवढेच.

कोणी विचारील, अपरिग्रह मानणाऱ्यांनी पत्रांचा एवढा साठा का करावा? साठा करू नयेच. आमच्या पेढीवर पर्युषणापूर्वी एक दिवस जाहिराती आणि निरुपयोगी पत्रे काढून टाकण्यासाठी राखलेला असतो. राहतात ती दिलेल्या आणि घेतलेल्या शब्दांची पत्रे. गेल्या वर्षी क्षमापनेच्या दिवशी वडिलांनी त्या जुन्या व्यापाऱ्यांना दूरध्वनी केला, सापडलेले पत्र वाचून दाखविले आणि वटावाच्या विस्मरणाबद्दल क्षमा मागितली. पलीकडून दराबद्दल क्षमा मागितली गेली. पुढच्या आठवड्यात त्यांची नवी मागणी आली. ती आता आमच्या संगणकावरही जपलेली आहे.