‘ताप’ नावाचे उचंत खाते

आमची आजी रागावली म्हणजे एक शब्द हमखास तिच्या तोंडी येतो : ‘मानमोडी’. दुधाला तोंड लावणाऱ्या मांजरापासून वीज घालवणाऱ्या खात्यापर्यंत सगळ्यांना ती मानमोडी येवो म्हणते. हा नुसता शिवीचा शब्द नसून एका साथीचे नाव आहे, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. १९१८ साली जगभर जी इन्फ्लुएंझाची साथ आली, तिला आपल्याकडच्या लोकांनी ठेवलेले हे नाव. आमच्या पणजोबांची आई त्याच मानमोडीत गेली, दसऱ्यानंतर चार दिवसांनी. पणजोबा तेव्हा दोन वर्षांचे होते. तिच्याविषयी आमच्या घरात एवढेच ठाऊक आहे.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. वैद्यकावर लिहिण्याचा मला अधिकार नाही. परंतु या साथीविषयी मिळेल ते वाचत गेले तेव्हा एका ठिकाणी अडले, आणि ती अडचण नेमकी आमच्याच विषयातली निघाली. हिंदुस्थानात या साथीत किती माणसे दगावली, याचे उत्तर प्रत्येक पुस्तकात निराळे. कोठे साठ लाख, कोठे सव्वा कोटी, तर कोठे पावणेदोन कोटी! आमच्या तेरजेत पाच रुपयांचा फरक आला तर सर पुन्हा पहिल्यापासून बेरीज करायला लावतात. येथे फरक एक कोटीहून अधिक माणसांचा आहे. तो कसा पडला, हे शोधण्याचा हा प्रयत्न.

आधी साथीची हकीकत. १० जून १९१८ रोजी मुंबईत गोदीवर पहारा करणारे सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून इस्पितळात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. पहिले महायुद्ध चालू होते, सैनिकांना आणणारी-नेणारी जहाजे बंदरात ये-जा करीत होती. शिपायांपाठोपाठ गोदीतले कामगार, मग गिरण्या, मग कचेऱ्या अंथरुणाला खिळल्या. ही पहिली लाट तशी सौम्य होती. तीन-चार दिवस ताप, अंगदुखी, आणि माणूस पुन्हा कामावर. जुलैत ती ओसरली. सप्टेंबरात दुसरी लाट आली ती मात्र मारक होती. तापाचे दोन-तीन दिवसांत न्यूमोनियात रूपांतर होई, आणि म्हातारी किंवा तान्ही नव्हे, तर वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे जात. ६ ऑक्टोबर या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. नवरात्राचे ते पहिले दिवस होते.

मुंबईहून रेल्वेच्या रुळांवरून ही लाट आत शिरली. मुंबई इलाखा, मध्य प्रांत, पंजाब यांना तिने सर्वांत जास्त झोडपले. पूर्वेकडे बंगालपर्यंत पोहोचेतो तिचा जोर पुष्कळ कमी झाला होता. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि पुण्याहून लोंढ्याकडे जाणारी गाडी येथूनच जात असे, तेव्हा तिला वाट शोधावी लागली नसणार. त्यात १९१८ चा पावसाळा पार बुडाला. धान्य महाग, चारा नाही, युद्धामुळे आधीच सगळ्याची टंचाई. अर्धपोटी शरीरावर हा ताप येऊन पडला.

डॉक्टरांनी काय केले, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. पहिली गोष्ट म्हणजे डॉक्टर होतेच थोडे, आणि त्यांतले बरेच लष्कराच्या सेवेत परदेशी गेलेले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रोग कशामुळे होतो हेच त्या वेळी कोणाला माहीत नव्हते. रिखार्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ साली रोग्यांच्या थुंकीत एक जंतू शोधला होता व तोच इन्फ्लुएंझाचे कारण, असे पुस्तकांतून शिकवले जाई. १९१८ साली कित्येक रोग्यांत हा जंतू सापडेना, तरी लस तयार झाली ती असल्याच जंतूंपासून. खरे कारण विषाणू. तो माणसाच्या घशातून वेगळा करण्यात लंडनच्या शास्त्रज्ञांना यश आले ते १९३३ साली, म्हणजे साथीनंतर पंधरा वर्षांनी. न्यूमोनियावर चालणारे पेनिसिलिनही १९२८ पूर्वी कोणाला ठाऊक नव्हते. क्विनाइन, ॲस्पिरिन, काढे, लेप, जे हाताशी होते ते दिले गेले. खरा उपयोग झाला तो विश्रांती, पाणी, पेज आणि उशाशी बसणारे माणूस यांचाच. ज्या घरात सगळीच आडवी झाली, तेथे पाणी द्यायलाही कोणी उरले नाही. मुंबईत सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे आणि निरनिराळ्या समाजांचे स्वयंसेवक औषध व दूध घेऊन चाळीचाळींतून फिरले. सरकारी यंत्रणेपेक्षा त्यांचाच आधार लोकांना अधिक वाटला असावा.

येथे आपल्या गावाचा एक उल्लेख करावासा वाटतो. टिळकवाडीत आपण ज्याला व्हॅक्सिन डेपो म्हणतो आणि जेथे सकाळी फिरायला जातो, तेथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून देवीची लस तयार होत असे. म्हणजे १९१८ साली लस तयार करण्याची जागा आपल्या दारात होती. फक्त या रोगाची लस जगात कोठेच नव्हती.

मग प्लेगच्या वेळी सरकारने केलेला बंदोबस्त या वेळी का झाला नाही? प्लेगचा अनुभव हेच त्याचे एक कारण. १८९७ साली पुण्यात घरात घुसून केलेल्या तपासण्या आणि त्यातून झालेला रँडचा वध सरकार विसरले नव्हते. शिवाय प्लेगची युक्ती येथे चालणारी नव्हती. उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे, हे आपल्या खेड्यांना अनुभवाने ठाऊक झाले होते. मानमोडीत उंदीर पडत नव्हते. संसर्ग झाल्यापासून एक-दोन दिवसांत माणूस आजारी, आणि आपण आजारी आहोत हे कळण्याआधीच तो दुसऱ्याला रोग देऊन मोकळा. कोणाला कोठे अडवणार?

आता मूळ प्रश्नाकडे येते. मृत्यू मोजले कोणी? खेड्यात जन्ममृत्यूची नोंद ठेवण्याचे काम पाटील-कुलकर्ण्यांकडे असे. मृत्यूच्या नोंदीत कारणाचे ठराविक रकाने होते : पटकी, देवी, प्लेग, ताप, आव व हगवण, श्वसनाचे विकार, इजा आणि इतर. इन्फ्लुएंझाचा रकाना नव्हता. कुलकर्णी काही वैद्य नव्हता. अंग तापून माणूस मेला, लिहिले ताप. आमच्या भागात ही नोंद मराठीत असो वा कन्नडमध्ये, ताप म्हणा की ज्वर म्हणा, रकाना तोच. साथ नसतानाही गावातले बहुतेक मृत्यू याच रकान्यात जात. हिवताप, विषमज्वर, बाळंतपणातला ताप, सगळे तेथेच.

आमच्या हिशेबशास्त्रात यासाठी एक सुरेख नाव आहे : उचंत खाते. एखादी रक्कम कोठे टाकावी हे कळत नसले, किंवा तेरीज जुळत नसली, की ती रक्कम तात्पुरती उचंत खात्यात टाकायची आणि खुलासा झाला की योग्य खात्यात वळती करायची. ‘ताप’ हे इंग्रजी अमदानीतले उचंत खातेच होते. फरक इतकाच, की ते कोणी कधी वळते केले नाही.

मग त्यातून इन्फ्लुएंझाचे मृत्यू वेगळे कसे काढायचे? रीत सोपी आहे. कारणाचा रकाना सोडून द्या, फक्त एकूण पाहा. आधीच्या वर्षांत ब्रिटिश मुलखात मृत्यूचे प्रमाण दर हजारी तीसच्या आसपास असे. १९१८ साली ते ६२ च्या वर गेले. म्हणजे हजारामागे तीसेक मृत्यू जादा. सुमारे २४ कोटी लोकसंख्येला हा हिशेब लावला की सत्तर लाखांचा आकडा येतो. याला आज ‘अतिरिक्त मृत्यू’ म्हणतात. अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक काढतात, तसेच हे. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ च्या प्राथमिक अहवालात याच धर्तीवर ब्रिटिश मुलखात पन्नास लाख व संस्थानांत दहा लाख, असे एकूण साठ लाख धरले.

परंतु ही रीत खरी केव्हा? कीर्द पूर्ण लिहिलेली असेल तेव्हा. ज्या महिन्यात गावात रोज प्रेते उचलली जात होती, त्याच महिन्यात कुलकर्णीही तापाने पडला होता, कधी मेलाही होता. जेथे मृत्यू सर्वांत जास्त, तेथेच नोंद सर्वांत कच्ची. दुकान जळाले आणि त्यातच वह्याही जळाल्या, तसला हा प्रकार. आणि संस्थानांचे काय? बेळगावच्या भोवताली कोल्हापूर, सांगली, जमखंडी, रामदुर्ग अशी संस्थानेच संस्थाने. संस्थानी मुलखात नोंदणीची शिस्त बहुधा याहूनही सैल. तेथला आकडा ब्रिटिश हद्दीवरून अदमासाने बसवलेला.

ही चूक उघडी पडली १९२१ च्या शिरगणतीत. शिरगणती म्हणजे प्रत्यक्ष मालसाठ्याची मोजदाद. वहीत काहीही लिहिलेले असो, गोदामात पोती किती आहेत ते मोजायचे. दहा वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली होती. १९११ चे २५ कोटी २१ लाख (आजच्या भारताच्या हद्दीपुरते) १९२१ साली २५ कोटी १३ लाखांवर आले. त्यानंतरच्या एकाही शिरगणतीत अशी घट दिसली नाही. शिरगणतीच्या अहवालाने मग साथीच्या मृत्यूंचा अंदाज सव्वा कोटीच्या घरात नेला. पुढे १९५१ साली किंग्सले डेव्हिस यांनी पावणेदोन ते दोन कोटींच्या दरम्यान, १९८६ साली आय. डी. मिल्स यांनी १ कोटी ७० ते ८० लाख असे आकडे काढले. २०१२ सालच्या एका अभ्यासात ब्रिटिश प्रांतांपुरता १ कोटी ३९ लाखांच्या जवळचा आकडा आहे. नवी प्रेते कोणाला सापडली नव्हती. वह्या त्याच होत्या, फक्त तपासनीस बदलले.

अजूनही एक पेच उरतोच. दुष्काळ आणि साथ एकाच वेळी आले. उपाशी माणूस तापाने मेला तर तो कोणाच्या नावे टाकायचा? कॉस्टिंगमध्ये आम्ही संयुक्त खर्चाची वाटणी करतो, पण ती करताना जे प्रमाण धरतो ते शेवटी आपणच ठरवलेले असते. माझ्या मते येथे वाटणी करूच नये.

आकड्यांपैकी मला सर्वांत अस्वस्थ केले ते मुंबई शहराच्या आकड्यांनी. तेथील अहवालात मृत्यूचे प्रमाण समाजवार दिले आहे. दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, इतर हिंदू १८.९. आणि अहवालाच्या भाषेत ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले, त्यांच्यात ६१.६. विषाणू काही जात विचारून येत नाही. एका खोलीत किती माणसे निजतात, उजेड किती येतो, आजारी पडल्यावर कामावर जावे लागते की नाही, याची ही मोजणी आहे.

आणि दुसरी गोष्ट बायकांची. पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त मेल्या. घरातल्या सगळ्यांची सुश्रूषा करायची, टंचाईत सर्वांत शेवटी जेवायचे, आणि स्वतःला ताप भरला तरी चुलीपुढून उठायचे नाही. पुढल्या वर्षी जन्मांची संख्याही एकदम खाली आली. ती घट मृत्यूच्या कोणत्याच रकान्यात दिसत नाही.

हे सगळे जुने झाले असे कोणी म्हणू नये. २०२०-२१ च्या कोरोनात भारत सरकारच्या नोंदीप्रमाणे सुमारे ४ लाख ८० हजार मृत्यू झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अतिरिक्त मृत्यू काढले ते ४७ लाख. सरकारने ती पद्धत अमान्य केली. पण सरकारच्याच नागरी नोंदणीत २०२० साली ८१ लाख आणि २०२१ साली १ कोटी २ लाख मृत्यू आहेत. एका वर्षात एकवीस लाखांची वाढ! यांतल्या पाव भागाहूनही कमी मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले आहे. आमच्या गल्लीतले एक काका २०२१ च्या मे महिन्यात गेले. दम लागत होता, तपासणी झालीच नाही. त्यांचा दाखला मी पाहिला. नाव, तारीख, ठिकाण सगळे आहे. कारणाचा रकाना दाखल्यावर नसतोच.

खापरपणजीची नोंद मिळते का, म्हणून गेल्या सुट्टीत वडिलांबरोबर गावी जाऊन चौकशी केली. इतके जुने दप्तर तेथे नाही, असे सांगण्यात आले. ती ‘ताप’ या रकान्यात आहे की मुळी लिहिलीच गेली नाही, म्हणजे साठ लाखांतली की नंतर हिशेबात धरलेल्या एक कोटीतली, हे आता कळायचा मार्ग नाही. तिचे नावही घरात कोणाला आठवत नाही. अविधवा नवमीला आजी तिच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालते. नाव काय घेतेस, असे मी यंदा विचारले, तर म्हणाली, “मानमोडीतली आई.”