मान वर की खाली?

लांब मानेच्या सॉरोपॉड डायनासोरांची मान गेल्या शंभर वर्षांत किती वेळा वरखाली झाली! हाडं तीच होती. मान हलवली ती माणसांनी.

1937 साली बर्लिनच्या संग्रहालयात ब्रॅकिओसॉरस उभा राहिला, तो मान उंच उभारून. हाडं टांझानियातल्या तेंदागुरूची. एवढं धूड जमिनीवर कसं पेलणार, म्हणून तेव्हा चित्रांत मात्र त्याला पाण्यात उभं करायची पद्धत होती: अंग बुडालेलं, नाकपुड्या तेवढ्या वर. 1951 मध्ये संशोधक केरमॅक यांनी दाखवलं, की इतक्या खोल पाण्याच्या दाबाखाली छाती फुगणारच नाही. प्राणी जमिनीवर आला आणि झाडांचे शेंडे ओरबाडू लागला. 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने तर बॅरोसॉरसला थेट मागच्या पायांवर उभं केलं.

मग 1999. स्टीव्हन्स आणि पॅरिश या संशोधकांनी संगणकावर मणक्याला मणका नीट जुळवला, तर डिप्लोडोकसची मान जवळपास आडवी, तोंड खालच्या झुडपांकडे. त्याच वर्षी बीबीसीच्या डायनासोरांवरच्या मालिकेतले डिप्लोडोकसही मान आडवी ठेवून चालले. संशोधक सेमूर यांच्या हिशेबाने या बाजूला बळ मिळालं: उंच मानेतून मेंदूपर्यंत रक्त चढवायलाच खाण्यातून मिळालेली सुमारे निम्मी ऊर्जा खर्च झाली असती.

2009 मध्ये टेलर, वेडेल आणि नेश हे संशोधक जिवंत प्राण्यांकडे वळले. सशाला बाहेरून मान आहे असं वाटतच नाही. क्ष-किरणात मात्र ती जवळपास उभी दिसते, केसांत दडलेली. मणके जिथे नेमके जुळतात, तिथे प्राणी मान ठेवतोच असं नाही. मला हा युक्तिवाद सगळ्यांत जास्त पटतो, पण तो उभं राहण्याबद्दल आहे, चरण्याबद्दल नाही. ही गल्लत या वादात फार झाली. चरताना जड देह जागेवर ठेवून मान आडवी फिरवली, की पाऊल न उचलता केवढा तरी पट्टा फस्त करता येतो. त्यासाठी सदासर्वदा मान आडवीच हवी, असं कुठे आहे? 2013 मध्ये शहामृगाच्या मानेवरच्या प्रयोगांनी आणखी एक पेच टाकला: मान किती वाकेल हे नुसत्या हाडांवरून ठरत नाही, स्नायूही ते ठरवतात.

हे प्राणी खात काय होते, हे मानेऐवजी पोटावरून पाहायचं, तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला जावं लागतं. तिथल्या अश्मीभूत विष्ठेत, जी बहुधा टायटॅनोसॉर या सॉरोपॉडांची आहे, 2005 मध्ये गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले. सोबत ताडवर्गीय आणि सूचिपर्णी झाडांचेही अंश होते.