किल्ल्या कुणाकडे?

आमच्या मंडळाचा गणपती शनिवारी बसतो. पंचांगात चतुर्थी कुठल्याही वारी येवो, शाळेचं सभागृह भाड्याने मिळतं ते शनिवारीच, त्यामुळे अमेरिकेतल्या बाप्पांनीही ही सोय मान्य केलेली आहे. एका वर्षी आदल्या गुरुवारी रात्री साडेनऊपासून फोन सुरू झाले. तिकिटांचं पान उघडत नव्हतं. तिकिटांचंच काय, मंडळाचं अख्खं संकेतस्थळ बंद होतं. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत एवढाच मजकूर: या संकेतस्थळावर गंभीर बिघाड झाला आहे, सूचनांसाठी प्रशासकाची ईमेल पेटी पाहा.

कमिटीत आम्ही सात जण, त्यांतले पाच सॉफ्टवेअरवाले. दिवसभर बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या यंत्रणा सांभाळणारी माणसं. पण ही ‘प्रशासकाची ईमेल पेटी’ नेमकी कुणाची, हे पाचांपैकी एकालाही सांगता येईना.

अमेरिकेत गावोगावी मराठी मंडळं आहेत. त्यांना एकत्र बांधणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 साली स्थापन झालं. गावच्या मंडळाचं काम हौशी कार्यकर्ते करतात आणि कमिटी वर्षा-दोन वर्षांनी बदलते. नव्या कमिटीत एखादा उत्साही तरुण असतो, तो रविवारच्या एका दुपारी नवं संकेतस्थळ उभं करतो. खरोखरच ते तेवढं सोपं झालं आहे. अवघड भाग पुढे सुरू होतो.

संकेतस्थळाचे तीन भाग असतात. पहिला पत्ता, म्हणजे डोमेन. तो विकत मिळत नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येतो. दुसरा भाग जागा, म्हणजे होस्टिंग. कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने घेतलेली खोली. आणि तिसरा भाग त्या खोलीत मांडलेला संसार, म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम. वर्डप्रेस, द्रुपल, जूमला ही त्यातली ठळक नावं. तिन्ही भागांची खाती वेगळी, पासवर्ड वेगळे आणि पैसे भरण्याच्या तारखाही वेगळ्या.

ही सिस्टिम करते काय? पूर्वी प्रत्येक पान हाताने लिहावं लागे. अध्यक्ष बदलले की दहा पानांवर दहा ठिकाणी नाव बदलायचं. आता मजकूर एका डेटाबेसमध्ये राहतो, रूप ‘थीम’मध्ये आणि तिकीटविक्री, छायाचित्रं, सभासद नोंदणी अशी जादा कामं ‘प्लगइन’मध्ये. वाचकाने पान मागितलं की सर्व्हरवर पीएचपी या भाषेतला प्रोग्रॅम तिन्ही गोष्टी एकत्र करून पान तयार करतो. पान आयतं पडलेलं नसतं, मागणीनुसार ताजं वाढलं जातं. म्हणूनच एक प्लगइन बिघडलं की सगळं ताट अडकतं.

आमचं तसंच झालं होतं. शेवटी कुणाला तरी आठवलं, की हे संकेतस्थळ एका माजी खजिनदारांनी वर्डप्रेसवर उभं केलं होतं. ते नोकरी बदलून टेक्ससला गेले, त्यालाही तीन वर्षं झाली होती. त्यांना फोन लावला. ‘अरे हो, येतात खरे मेल. मला वाटलं, मंडळाच्या जाहिराती असतील,’ ते म्हणाले. त्यांच्या पेटीत दोन पत्रं सापडली. एक त्याच संध्याकाळचं. 2019 साली आलेल्या 5.2 या आवृत्तीपासून वर्डप्रेस असा बिघाड झाला की प्रशासकाला पत्र धाडतं, दोषी प्लगइनचं नाव कळवतं आणि आत शिरण्यासाठी एक तात्पुरता दुवा देतं. दुसरं पत्र महिन्यापूर्वीचं, होस्टिंगवाल्यांचं. अमुक तारखेला आम्ही पीएचपीची आठवी आवृत्ती बसवणार आहोत, आपली प्लगइनं तपासून घ्या. ती तारीख म्हणजे तोच गुरुवार. आमचं तिकिटांचं प्लगइन ‘क्रिएट फंक्शन’ नावाची एक जुनी सोय वापरत होतं आणि आठव्या आवृत्तीतून ती काढून टाकलेली आहे. दुव्यावरून आत गेलो, आधी बॅकअप घेतला, मग दोन वर्षं न केलेला अपडेट केला. साडेबाराला तिकिटं पुन्हा सुरू झाली.

वर्डप्रेसचं पत्र मिळालं नसतं तरी वाट होती. बिघाड शोधण्याची एक ठरलेली चाल आहे आणि ती वैद्याच्या नाडीपरीक्षेपेक्षा सोपी आहे. पहिला प्रश्न: शेवटचं काय बदललं? दुसरा: बिघाड सगळ्यांकडे आहे की फक्त माझ्याकडे? अनेकदा आपला ब्राउझर जपून ठेवलेलं जुनं पान दाखवत असतो. त्यानंतर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन ‘प्लगइन्स’ या फोल्डरचं नाव बदलायचं. वर्डप्रेसला प्लगइनं सापडत नाहीत आणि ती सगळी निमूट बंद पडतात. संकेतस्थळ उघडलं, तर चोर त्यांच्यातच आहे. नाव पूर्ववत करून एकेक प्लगइन सुरू करत जायचं. ज्याच्यापाशी पडदा पुन्हा पांढरा होईल, तो चोर. मुखपृष्ठ दिसतं पण आतलं प्रत्येक पान ‘सापडत नाही’ म्हणतं, तेव्हा ‘पर्मालिंक’च्या पानावर जाऊन काहीही न बदलता फक्त ‘सेव्ह’ दाबलं तरी बहुतेक वेळा काम होतं. आणि डेटाबेसशी संपर्क होत नाही असं लिहून आलं, तर कॉन्फिग फाइलमधल्या चार ओळी पाहायच्या: डेटाबेसचं नाव, वापरकर्ता, पासवर्ड आणि सर्व्हर.

मराठी मजकुराचा एक खास त्रास आहे. लेखाला मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस त्यावरूनच पानाचा पत्ता बनवतं. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणांसह नऊ रोमन चिन्हांत उतरतं. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण यांनाही प्रत्येकी नऊ. मर्यादा 200 चिन्हांची. म्हणजे ‘सार्वजनिक गणेशोत्सव कार्यक्रमपत्रिका’ या शीर्षकातले पहिले दोन शब्द मावतात आणि तिसरा ‘कार्’पाशी तुटतो. हा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांची लांबलचक माळ उमटते आणि सभासद विचारतात, हे काही व्हायरस-बियरस नाही ना? उपाय साधा आहे. शीर्षक मराठीत ठेवा, पत्ता हाताने छोट्या रोमन अक्षरांत लिहा.

अपडेट टाळण्याची किंमत मात्र नेहमी गुरुवारच्या एका रात्रीवर भागत नाही. 15 ऑक्टोबर 2014 रोजी द्रुपलमधली एक गंभीर त्रुटी दुरुस्तीसह जाहीर झाली. पुढे द्रुपलच्या सुरक्षा पथकाने सांगितलं, की ज्यांनी सात तासांत दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपलं संकेतस्थळ फोडलं गेलं आहे असंच धरून चालावं. सात तास म्हणजे एका रात्रीची झोप.

गंमत अशी, की वर्डप्रेसचा जन्मही गायब झालेल्या राखणदारामुळेच झाला. टेक्ससमधल्या ह्यूस्टनचा मॅट मुलेनवेग आपल्या लेखनासाठी ‘बीटू’ नावाचं सॉफ्टवेअर वापरत असे. ते लिहिणारा मिशेल वाल्द्रिगी दिसेनासा झाला, महिनोन्‌महिने सुधारणा येईनात. पण सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचं होतं. घराच्या किल्ल्या कायद्यानेच सगळ्यांच्या हाती होत्या. एकोणीस वर्षांचा मॅट आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी ते पुढे नेलं आणि 27 मे 2003 रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. आज जगातल्या दर दहा संकेतस्थळांपैकी चारांहून अधिक त्याच्यावर चालतात. व्हाइट हाउसचं संकेतस्थळ 2009 मध्ये द्रुपलवर गेलं होतं, तेही 2017 मध्ये वर्डप्रेसवर आलं.

राखणदार टिकून राहिल्याचं उलट उदाहरण आपल्या घरातच आहे. अमेरिकेत राहणाऱ्या अजय गल्लेवाले यांनी 1996 च्या गणेश चतुर्थीला ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ सुरू केलं. तेव्हा वर्डप्रेस नव्हतं, द्रुपलही नव्हतं. आज मायबोलीवरच्या लेखाच्या पत्त्यात ‘नोड’ हा शब्द दिसतो, ती द्रुपलची खूण. आतलं सॉफ्टवेअर बदललं, पण दार उघडं राहिलं, कारण ते आपलं आहे असं मानणारं कुणीतरी सतत तिथे होतं.

मंडळाला एकच माणूस तीस वर्षं मिळत नाही, म्हणून त्याची जागा कागदाने घ्यायची. डोमेन कुठे नोंदवलं, मुदत कधी संपते, होस्टिंगचं खातं कुणाच्या कार्डावर, बॅकअप कुठे आणि त्यात फाइली व डेटाबेस दोन्ही आहेत का, एवढं एका पानावर मावतं. ईमेल पेटी व्यक्तीची नको, पदाची हवी. आणि डोमेनच्या खात्याची पेटी त्याच डोमेनवर तर मुळीच नको, कारण मुदत संपली की इशाऱ्याचं पत्रही त्याच बंद दारावर थडकतं.

आमची नवी कमिटी संक्रांतीला सूत्रं घेते. मंडळाचं सामान एका सभासदाच्या गॅरेजमध्ये असतं: मखर, समया, झांजा, दोन ढोल, शंभर ताटं. दर वर्षी यादी वाचून एकेक वस्तू मोजून दिली जाते आणि मग गॅरेजची किल्ली तिळगुळासोबत हातात पडते. यंदा यादीत ताटांच्या खाली एक ओळ वाढली: ‘संकेतस्थळ, नग 1’. नव्या सचिवबाईंनी तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला, पासवर्ड घालून आत गेल्या, बाहेर आल्या आणि मगच सही केली.